ही कोन तुजी? मॉरिशसचे सात दिवस

बेट ठरवायला आम्हाला महिना लागला. लोक पाण्याचा रंग बघून बेट निवडतात. आम्ही आधी दंडविधान बघतो, मग पाणी. मालदीवचं पाणी अप्रतिम, पण तिथे समलिंगी संबंध हा गुन्हा आहे, तुरुंग आणि वर फटके. श्रीलंकेत इंग्रजांनी १८८३ साली लिहून ठेवलेली कलमं अजून पुस्तकात आहेत. बालीचं जवळपास ठरलं होतं, तेवढ्यात इंडोनेशियाचा २०२२ मध्ये मंजूर झालेला नवा दंडविधान वाचला. २०२६ पासून लग्नाबाहेरचे सगळेच शरीरसंबंध गुन्हा, मात्र तक्रार फक्त नवरा, बायको, आईवडील किंवा मुलांनीच करायची. म्हणजे आमच्या बाबतीत माझ्या आईनं मनावर घेतलं तर. तिनं एवढ्यात मनावर घेतलेलं नाही, पण परक्या देशात तिला तशी सोय कशाला करून द्या!

थायलंडमध्ये तर २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी लग्नच कायदेशीर झालंय. पण आमच्या बाईसाहेब ऑफिसच्या कामाने तिथे तीनदा जाऊन आल्यात, 'पुन्हा तेच विमानतळ नको' म्हणाल्या. सेशेल्सने २०१६ मध्येच गुन्हा पुसला, पण तिथले हॉटेलांचे दर बघून आम्ही लॅपटॉप बंद केला. राहिलं मॉरिशस. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२३ ला जुनं कलम मोडीत काढलं, भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागत नाही आणि ऑक्टोबरात तिथे थंडी सरलेली असते, चक्रीवादळांचा मोसम सुरू व्हायचा असतो. शिवाय, आणि हे कारण खरं तर पहिलं, तिथे आपल्याला कुणी ओळखत नाही.

'बाईसाहेब' म्हणजे माझी जोडीदार. पंधरा वर्षं आम्ही एका घरात राहतो. 'लिहिणार असशील तर माझं नाव घालायचं नाही' ही तिची अट. बाईसाहेब हा शब्दही तिनेच मंजूर केलेला.

दिवस पहिला

मुंबईहून साधारण सहा-साडेसहा तास. मॉरिशसचं घड्याळ आपल्या दीड तास मागे, त्यामुळे उतरल्यावर दिवस फुकटात लांबतो. विमानतळ आहे बेटाच्या आग्नेय कोपऱ्यात, प्लेझाँसला, आणि आम्हाला जायचं होतं पश्चिम किनाऱ्यावर, फ्लिक-आँ-फ्लाकला. तासाभराचा रस्ता. दोन्ही बाजूंनी ऊस, आणि उसातून मध्येच वर आलेले डोंगर. असे टोकदार, वाकडे, की लहान मुलाने काढलेल्या चित्रातले वाटावेत. गाड्या डावीकडून चालतात, पाट्या फ्रेंच आणि इंग्रजीत, चालक आपसात बोलतात क्रिओल, फ्रेंचमधून घडलेली इथली बोली.

हे आवडलं, कारण परदेशात गेल्यावर आमची एक चैन असते: मागच्या सीटवर बसून मोठ्याने मराठी बोलायचं. इथे आपल्या घरापेक्षा मोकळं बोलता येतं. आपल्याकडे ओला-उबरमध्ये आम्ही भाजीवर बोलतो. परदेशातल्या टॅक्सीत सगळं. हॉटेलात दोन वेगळे पलंग दिले तर भांडायचं की गप्प बसायचं, रिसेप्शनवर काय म्हणायचं, माझ्या भावाच्या लग्नात तुला कुठे बसवलं होतं, तू मला त्या रात्री काय म्हणालीस. पाऊण तास. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलेलं.

तेवढ्यात चालकाने आरशात बघत, हिंदीसारख्या हिंदीत सांगितलं, "दीदी, मेरी माँ मराठी है." आणि मग मराठीत, एकेक शब्द शोधून: "थोडा थोडा समजते."

पुढची पंधरा मिनिटं आम्ही ऊस बघत होतो.

हे आम्हाला माहीत असायला हवं होतं. करारावर नेलेल्या गिरमिटीया मजुरांमध्ये कोकणातले लोक होते, मुंबई बंदरातून गेलेले. त्यांची नातवंडं-पणतवंडं तिथे आहेत, शाळेत मराठी शिकता येतं, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. मी हे सगळं वाचलं होतं. वाचलेलं समोरच्या सीटवर बसून गाडी चालवेल असं मात्र वाटलं नव्हतं.

हॉटेलात अपेक्षेप्रमाणे दोन पलंग. मध्ये छोटं टेबल, टेबलावर फुलं. आरक्षणात स्पष्ट एक मोठा पलंग मागितला होता. रिसेप्शनवरच्या मुलीने हसून सांगितलं, दोन्ही पाहुण्यांची नावं बायकांची दिसली म्हणून आम्हीच तुमच्या सोयीसाठी बदलून दिला. तिच्या आवाजात खवचटपणा नव्हता, खरंच सोय केली होती तिने. मी 'चालेल' म्हणायला तोंड उघडणार, तोवर बाईसाहेब म्हणाल्या, "आम्हाला एकच हवाय." वीस मिनिटांत खोली बदलली. नव्या खोलीत पलंगावर टॉवेलचे दोन हंस, चोचीला चोच लावून, आणि गुलाबी पाकळ्या. घाईघाईत दुसऱ्या कुणाच्या मधुचंद्राची खोली आम्हाला दिली असावी. ते कुठे झोपले देव जाणे.

(जाणाऱ्यांसाठी एक सूचना. आरक्षणानंतर हॉटेलला मेल पाठवून 'एक मोठा पलंग, आम्ही जोडपं आहोत' हे लेखी कळवा आणि उत्तर छापून न्या. काउंटरवर, मागे रांग उभी असताना, हे वाक्य म्हणायला लागू नये.)

दिवस दुसरा

मॉरिशसभोवती जवळपास सगळीकडे प्रवाळाची भिंत आहे. लाटा लांब त्या भिंतीवर फुटतात, पांढरी रेघ दिसते, आणि अलीकडे उरतं ते गुडघाभर, कमरेएवढं, शांत पाणी. तळाशी समुद्री साळिंदरांचे काटे असतात, तेव्हा रबरी बूट हवेतच. आम्ही नेले नव्हते. काठावर फिलाओची रांग. म्हणजे आपलं सुरू. त्या सुरूच्या बनाखाली बसलं की डोळे मिटून आपण कोकणात, उघडून भलतीकडे.

पण दिवसाची सुरुवात झाली नाश्त्याला. शेजारच्या टेबलावर मराठी ग्रुप, बारा-चौदा जण, टूरच्या टोप्यांसकट. काकूंनी आमचं बोलणं ऐकलं आणि खुर्ची ओढून आल्या. "अगं बाई, मराठी का? दोघीच आलात? मिस्टर नाही आले?"

मी म्हणाले, "नाही, ते कामात आहेत."

वाक्य माझ्या तोंडून आपसूक बाहेर पडलं. पंधरा वर्षांची सवय. ऑफिसात मी 'घरचे' म्हणते. "घरचे गावाला गेलेत", "घरच्यांना बरं नाही". मराठीत क्रियापद उच्चारलं की लिंग उघडं पडतं, त्यावर हा अनेकवचनी आदर हाच उपाय. 'ते आले होते' या तीन शब्दांत कुणाचंही आख्खं माणूस लपवता येतं. काकूंनी मान डोलावली, आपल्या मिस्टरांचा गुडघा सांगितला, दोन ठेपले दिले. चांगल्या होत्या हो बाई.

बाईसाहेब जेवणापर्यंत बोलल्या नाहीत. मग पाण्यात, कमरेएवढ्या निळ्या पाण्यात उभ्या राहून म्हणाल्या, "मी कामात आहे का?"

"अगं, त्या टूरच्या बाईला काय..."

"सात हजार मैल तर नाही ना आलो आपण, तीनेक हजार आलो. तेवढ्याचे पैसे भरले. आणि इथे येऊन तू मला मिस्टर केलंस. बरं, केलंस ते केलंस, वर मला घरी ठेवून आलीस."

यावर उत्तर नव्हतं. आम्ही दोन वेगवेगळ्या दिशांनी चालत गेलो. किनारा सरळ असल्याने एकमेकींना सारखं दिसत राहिलो, त्याने भांडणाची शान गेली.

संध्याकाळी भूक लागल्यावर एकत्र आलो, रस्त्याकडेच्या गाडीवर. ढोल पुरी: चण्याच्या डाळीचं हलकं सारण भरलेली पातळ, मऊ पोळी, आत वालासारख्या घेवड्याचा रस्सा, टोमॅटोचा रूगाय आणि मिरचीची चटणी. पुरणपोळीची तिखट मावसबहीण. मी दोन बोटं दाखवली. त्याने चार बांधल्या. मी पुन्हा दोन बोटं. त्याने समजावून सांगितलं की ढोल पुरी एकेक मिळतच नाही, जोडीनेच मिळते. 'एन पेर' म्हणजे दोन. दोन सांगितल्या तर दोन जोड्या.

"ऐकलंस?" बाईसाहेब म्हणाल्या. "एकेक मिळतच नाही." आणि चारही आम्ही संपवल्या.

दिवस तिसरा

पोर्ट लुई. टॅक्सी कालचीच, म्हणजे परवाचीच. मी दुसरी बोलवा म्हणत होते. बाईसाहेब म्हणाल्या, ज्याने सगळं ऐकलंय त्याच्यापुढे आता लपवायचं काय उरलं? मुद्दा बरोबर होता. चालकाने स्वतःहून काही विषय काढला नाही. क्रिओल शिकवलं थोडं. त्यातला एक शब्द मी वहीत लिहून ठेवला: 'ली'. तो, ती, दोन्हीला 'ली'. 'ली आले' तर बाई की पुरुष ते क्रिओल सांगतच नाही. लपवायला काही कसरत नाही. माझी पंधरा वर्षांची 'घरचे' नावाची कारागिरी इथे बेकार.

आप्रवासी घाट बंदराच्या काठी आहे, प्रवेश फुकट. २०२३ चा निकाल डोक्यात घेऊन आलेली मी, पण तासभर सरकले नाही तिथून. १८३४ ते १९२० या काळात साडेचार लाखांच्या आसपास माणसं भारतातून इथे उतरली. गुलामगिरी संपत होती (इथे ती १ फेब्रुवारी १८३५ ला संपली), उसाला हात हवे होते, म्हणून करार करून माणसं आणायचा प्रयोग. बोटीतून उतरून ज्या सोळा दगडी पायऱ्या चढायच्या, त्या अजून आहेत. प्रत्येकाला एक नंबर. पुढे प्रत्येकाचा फोटोही काढू लागले. २००६ पासून ही जागा जागतिक वारसा यादीत आहे, पण ती बघायला हुशारी लागत नाही, पायऱ्याच पुरतात. कित्येक आठवडे बोटीत काढलेली माणसं एकमेकांना 'जहाजी भाई' म्हणत. रक्ताचं नाही, गावाचं नाही, जातीचं नाही, कुठल्या कागदावर नाही. बोट एक होती म्हणून भाऊ. मी हे बाईसाहेबांना म्हटलं तर त्या म्हणाल्या, "लेख सुचतोय वाटतं तुला." मग गप्प बसले.

मध्यवर्ती बाजारात आलुदा प्यायलो. नावावरून ओळखाल: फालुदाच, जरा पातळ. थंडगार.

आणि मग मला जिथे जायचं होतं तिथे गेलो, सर्वोच्च न्यायालयाच्या नव्या इमारतीसमोर. आत काही जायचं नव्हतं, समोरच्या फुटपाथवर उभं राहायचं होतं फक्त. १८३८ च्या फौजदारी संहितेचं कलम २५०, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. बायकांचं नाव त्यात वेगळं नव्हतं, ओझं मुख्यतः पुरुषांच्या मानेवर. दोन न्यायाधीशांनी ते समलिंगी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं घटनाबाह्य ठरवलं, आणि सांगितलं की हे कलम काही मॉरिशसच्या मूल्यांतून आलेलं नाही, वसाहतीच्या वारशातून आलंय. घटनेतल्या 'लिंग' या शब्दातच लैंगिक कलही येतो, हेही. आपल्याकडे असल्याच कलम ३७७ ची धार २०१८ च्या ६ सप्टेंबरला गेली होती. तेव्हा आपण पाच वर्षं पुढे होतो.

गंमत अशी की ही इमारत भारताच्या अनुदानातून उभी राहिली, ३० जुलै २०२० ला दोन्ही पंतप्रधानांनी व्हिडिओवरून उद्घाटन केलं. आणि मॉरिशसच्या निकालानंतर बरोबर तेराव्या दिवशी, १७ ऑक्टोबर २०२३ ला, दिल्लीत आपल्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं की समलिंगी जोडप्यांना लग्नाचा मूलभूत हक्क नाही. तेराव्या दिवशी. योगायोगच, पण मराठी माणसाला तेरावा म्हटलं की दुसरं काही आठवत नाही.

मॉरिशसमध्येही लग्न नाहीच. २००८ च्या समान संधी कायद्याने नोकरीत, घर भाड्याने देताना, सेवा देताना भेदभावाला बंदी आहे, म्हणजे काल-परवाच्या हॉटेलात आमच्या बाजूने कायदा होता, तो आम्हाला ठाऊक नव्हता इतकंच. पण सगळं गोड नाही. २०१८ मध्ये इथली इंद्रधनुष्य यात्रा विरोधकांच्या जमावामुळे आणि धमक्यांमुळे रद्द करावी लागली होती.

फोटो काढला. पाठीमागे काच आणि काँक्रीट, पुढे आम्ही दोघी, हातात आलुद्याचे रिकामे ग्लास. हात धरले होते. कुणीही वळून बघितलं नाही, आणि त्याचं श्रेय मी मॉरिशसला देणार नाही. दोन बायकांनी हात धरला की जगाला मैत्रिणी दिसतात, इथेही आणि आपल्याकडेही. हे सोयीचं आहे आणि कधी कधी फार अपमानाचं. दोन पुरुष असते तर हे पान वेगळं लिहावं लागलं असतं.

दिवस चौथा

ल मोर्नचा डोंगर ५५६ मीटर, समुद्रातून ताठ उभा. पळून आलेले गुलाम या कड्यांवर लपत. सांगतात की गुलामगिरी संपल्याची बातमी द्यायला शिपाई वर चढू लागले, तेव्हा वरच्यांना वाटलं पकडायला आले, आणि त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. किती खरं, किती नंतर जमलेलं, हे सांगणारेही सांगत नाहीत. २००८ मध्ये याचंही नाव जागतिक वारशात आलं. आम्ही पायथ्याशी बसलो, चढलो नाही. चढायला पहाटे निघावं लागतं आणि आम्ही सुट्टीवर होतो.

शामारेलची सात रंगांची माती बघण्यासारखी आहे, पंधरा मिनिटं. ज्वालामुखीचा खडक कुजून झालेली माती, लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांमुळे तांबडी, तपकिरी, जांभळट. दुपारच्या उन्हात ती फोटोतल्यापेक्षा बरीच फिकी दिसते. धबधबा जास्त आवडला.

परतताना चालक म्हणाला, आई विचारतेय, मराठी बोलणारी माणसं आलीत तर घरी का आणत नाहीस.

घर कास्काव्हेलच्या बाजूला, रस्त्याला लागून. बाहेर कढीपत्त्याचं झाड, आत भिंतीवर गणपती. आजी ऐंशीच्या पुढच्या. मराठी कशी बोलल्या ते मला लिहून दाखवता येणार नाही. शब्द आपले, चाल क्रिओलची, आणि मध्येच असा एखादा शब्द की माझ्या पणजीच्या तोंडीच ऐकला असेल. पूर्वज 'रत्नागिरीकडचे', यापलीकडे गावाचं नाव घरात टिकलं नव्हतं. मी गावांची नावं घेत गेले, गुहागर, दापोली, लांजा, राजापूर, आणि त्या प्रत्येकाला 'आसंल' म्हणत होत्या, डोळे मिटून, जणू चव बघताहेत. लग्नात अजून झाकरी नाचतात म्हणाल्या. आपली जाखडी.

व्हॅनिलाच्या वासाचा चहा आला. चहात व्हॅनिला हा इथला रिवाज; पहिल्या घोटाला विचित्र, तिसऱ्याला छान.

मग त्यांनी बाईसाहेबांकडे बोट केलं आणि मला विचारलं, "ही कोन तुजी? भैन?"

तीन हजार मैल. विमान, पासपोर्ट, दंडविधानांचा महिनाभर अभ्यास. आणि प्रश्न तोच, भाषाही तीच. इंग्रजीत विचारलं असतं तर मी दिलं असतं उत्तर, इंग्रजीत त्याला शब्द आहे आणि तो शब्द मला चावत नाही. मराठीत माझ्याकडे काय आहे? मैत्रीण म्हटलं की अर्धं खोटं. जोडीदार म्हटलं की पत्त्यांचा डाव आठवतो. माझी जीभ 'हो, बहीणच' म्हणायला वळलीसुद्धा होती.

"आम्ही दोघी एकत्र राहतो," बाईसाहेब म्हणाल्या. "पंधरा वर्षं झाली."

"येका घरात?"

"एका घरात."

"लगीन नाय?"

"नाही. आमचं असंच."

आजींनी दोघींकडे बघितलं. चालक दारात उभा होता, तो अंगणातल्या कोंबडीकडे बघू लागला. मला घड्याळ ऐकू येत होतं.

"सैपाक कोन करतं?"

"मी," बाईसाहेब म्हणाल्या. "ही भांडी घासते."

आजी हसल्या, तोंडावर हात धरून, बराच वेळ. मग माझा हात हातात घेऊन तळवा उलटा-सुलटा करून पाहिला, भांडी घासणारा दिसतो का ते. त्यांना काय कळलं, किती कळलं, मला अजूनही सांगता येत नाही. पण त्या पुढे जे बोलल्या ते सगळं 'तुमी' करून, दोघींना मिळून. तुमच्याकडे पाऊस कसा, तुमच्या दारात तुळस आहे का, तुमी तांदूळ कुठला खाता.

गाडीत कुणी बोललं नाही. फ्लिक-आँ-फ्लाकच्या वळणावर चालक म्हणाला, "माँ बहुत खुश." बस.

दिवस पाचवा

पाऊस. दिवसभर खोलीत, पत्ते. रात्री हॉटेलचा सेगा नाच: घेरदार परकर, विजेचे दिवे, पाहुण्यांना ओढून नाचवणं. सेगा मुळात गुलामांचा, शेळीच्या कातड्याच्या रावानवर, आणि ते वाद्य आधी शेकोटीवर तापवून घेतात. त्यातलं हॉटेलात फक्त परकर उरले होते. तरी बाईसाहेबांनी मला ओढलंच. टूरवाल्या काकूंनी टाळ्या वाजवल्या आणि आमचा व्हिडिओ काढला. 'मिस्टरांना दाखवा' म्हणाल्या. मी म्हणाले, "मिस्टर नाहीत काकू. हीच आहे." गोंगाट इतका की त्यांनी 'काय?' विचारलं. मी दुसऱ्यांदा म्हणाले नाही. एकदा म्हणाले हे बाईसाहेबांनी ऐकलं होतं.

दिवस सहावा

इल ओ झेग्रेत, माएबुरच्या खाडीतलं जेमतेम २६ हेक्टरचं बेट. इथे गाइडशिवाय फिरता येत नाही आणि तेच बरं. मूळ एबनीचं जंगल, जे एके काळी सगळ्या किनाऱ्यावर होतं, त्याचा हा तुकडा वाचवलेला. गुलाबी कबुतर पाहिलं. १९९० च्या सुमारास रानात अशी दहाएक उरली होती. पिंजऱ्यात वाढवून, सोडून, आता काही शे झालीत. आमच्यापासून चार हातांवर फांदीवर बसलं होतं, जगातलं दुर्मीळ वगैरे असल्याचा काही ताण नसल्यासारखं. अल्दाब्राची राक्षसी कासवंही आहेत. मॉरिशसची स्वतःची कासवं माणसांनी खाऊन संपवली, मग फळं खाऊन बिया पसरवायचं त्यांचं काम करायला सेशेल्सची कासवं आणली. गाइड म्हणाली, झाडांना काही फरक पडत नाही, काम होतंय ना. बाईसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आता कोणाला लेख सुचतोय?"

याच किनाऱ्यावर, प्वँत देस्नीच्या प्रवाळावर २५ जुलै २०२० ला वाकाशियो हे जहाज अडकलं आणि हजार टनांच्या आसपास तेल समुद्रात गेलं. सरकारची वाट न बघता लोकांनी उसाचं पाचट पोत्यांत शिवून तरंगते बांध घातले, केस कापून दिले. आता पाणी स्वच्छ दिसतं. खारफुटीच्या मुळांबद्दल विचारलं तर गाइडने विषय बदलला नाही, पण आवाज खाली आला.

दिवस सातवा

सकाळी विमानतळ. चालक अर्धा तास आधीच खाली हजर, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत काचेची बरणी: अशार. कोबी, गाजर, फरसबी, मोहरी, हळद, भरपूर मिरची. आजींनी रात्री बसून केलेलं. झाकणाभोवती फडक्याची पट्टी आणि वर दोरा, आपल्याकडे बांधतात तश्शी.

बाईसाहेब हावरट आहेत लोणच्याच्या बाबतीत. पिशवीत हात घालून बघत म्हणाल्या, "एकच?"

चालक गोंधळला. मग नीट मराठीत, घरून पाठ करून आल्यासारखं म्हणाला: "आई बोलली, येकच बस. घर येक हाय ना."

हातसामानात शंभर मिलीलिटरच्या वर काही नेऊ देत नाहीत, म्हणून विमानतळाच्या फरशीवर बसून बॅग उघडली. बरणी आधी माझ्या टॉवेलात, मग तिच्या कुर्त्यात, मग दोन चपलांच्या मध्ये. वजन तेवीस किलो चारशे ग्रॅम भरलं. काउंटरवरच्या माणसाने आकडा पाहिला, आम्हा दोघींकडे पाहिलं आणि पट्टा चालू केला.